स्टिरिओ 70 इतका का तापतो

डायनॅको कंपनीचा स्टिरिओ 70 हा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अॅम्प्लिफायर 1959 मध्ये फिलाडेल्फियात निघाला. डेव्हिड हाफलरने तो किटच्या रूपात 99.95 डॉलरला विकायला काढला, आणि लोकांनी घरी बसून स्वतःच सोल्डर केला. चॅनेलमागे 35 वॅट आणि किंमत एवढीशी, तेव्हा खर्च कुठे करायचा हे ठरलेलंच होतं: व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर. त्यांचं नाव आजही निघतं. घरातली वीज घेऊन सगळ्या व्हॉल्व्हना पुरवणाऱ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरला मात्र फारशी माया (जादा क्षमता) ठेवली नाही, आणि तापतो तो हाच.

हिशेब मांडून बघा. चार ईएल34 (आउटपुट व्हॉल्व्ह), प्रत्येकाचं फिलामेंट (व्हॉल्व्ह तापवणारी तार) दीड अँपिअरचं. त्यांच्या आधीच्या दोन छोट्या 7199 व्हॉल्व्हचे मिळून 0.9. म्हणजे 6.3 व्होल्टला 43 वॅट. एसीचं डीसी करणाऱ्या जीझेड34 रेक्टिफायर व्हॉल्व्हचे साडेनऊ वेगळे. गाणं लागायच्या आधीच पन्नासावर वॅट नुसत्या फिलामेंटमध्ये! त्यात बायसचा करंट, म्हणजे गाणं नसतानाही आउटपुट व्हॉल्व्हमधून वाहणारा, ईएल34 च्या जोडीला 100 मिलिअँपिअर, दोन्ही चॅनेलचा मिळून 200; जीझेड34 ची मर्यादाच 250. थोडक्यात, हा ट्रान्सफॉर्मर कोरा करकरीत होता तेव्हाही गरमच चालायचा.

मग मेन्स (घरातल्या विजेचं व्होल्टेज) वाढली. डिझाइन 117 व्होल्टचं. अमेरिकेत आज 120 हे प्रमाण आहे आणि कित्येक घरांत 122-123 मिळतात. फिलामेंटला 6.3 च्या जागी 6.6 जातात, हाय टेन्शनही (व्हॉल्व्हला लागणारं उच्च डीसी व्होल्टेज) चढतं. त्याहून वाईट म्हणजे कोअर (ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा) आधीच सॅच्युरेशनच्या, म्हणजे आणखी चुंबकत्व न पेलण्याच्या, काठावर असेल, तर व्होल्टेज जरा वाढलं की त्याला चुंबकत्व देणारा मॅग्नेटायझिंग करंट कितीतरी पटीने उसळतो. तोच सेट कोणी भारतात आणून स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर लावला तर व्होल्टेज बरोबर येतं, पण 60 च्या जागी 50 हर्ट्झ. कोअरमधला फ्लक्स (चुंबकत्वाचा भार) सरळ 20 टक्के जास्त. हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

उरलेली कसर दुरुस्ती करणारे भरून काढतात. रेक्टिफायरनंतरचा मूळचा 30 मायक्रोफॅरडचा पहिला कपॅसिटर काढून 80 चा बसवला की हम (स्पीकरमधली गुणगुण) कमी होतो खरा, पण करंट अरुंद, उंच ठोक्यांत खेचला जातो आणि वाइंडिंग जास्त तापतं. (जीझेड34 च्या डेटाशीटमध्ये 60 ची मर्यादा आहे, पण ती वाचतो कोण.) ईएल34 काढून मोठे केटी88 व्हॉल्व्ह लावण्याची हौस वेगळीच. उलट बायसचा जुना सेलेनियम रेक्टिफायर थकलेला तसाच राहतो. बायसचं व्होल्टेज घसरतं, व्हॉल्व्हमधला करंट वाढतो, त्यांच्या प्लेटा लाल होतात आणि बोल ट्रान्सफॉर्मरला.

हात लावून अंदाज करण्यात अर्थ नाही, 60 अंशालाच हात मागे येतो. तांबं तापलं की त्याचा रेझिस्टन्स वाढतो; म्हणून सेट गार असताना ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचा (मेन्सकडच्या वाइंडिंगचा) रेझिस्टन्स मोजावा, दोन तास चालवून प्लग काढून लगेच पुन्हा मोजावा. खोली 25 अंशांची आणि रेझिस्टन्स 20 टक्क्यांनी वाढला, तर तांबं सुमारे 77 अंशांवर आहे. कागद-वॉर्निशच्या जुन्या इन्सुलेशनची मर्यादा 105 मानतात. पण 77 ही सरासरी झाली. आतले थर त्याहून गरम असतात.