तोतया आणि बदली: एलिक्सरमधल्या मॉक आणि मॉक्स

एलिक्सर ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लागलं की मॉक आणि मॉक्स या दोन लायब्ररींमध्ये हमखास गल्लत होते. नावात एका अक्षराचा फरक, आणि दोन्ही टेस्टसाठी खोटं मॉड्यूल, म्हणजे फंक्शन्सचा खोटा संच, उभं करून देतात. त्यामुळे मॉक्स म्हणजे मॉकचीच नवी आवृत्ती, असं बरेच जण धरून चालतात. पण त्यांचे रस्ते पार वेगळे आहेत.

मॉक ही अर्लांग या जुन्या भाषेतल्या मेक या लायब्ररीवर उभी आहे. एलिक्सरही ज्यावर चालते त्या अर्लांगच्या बीम या व्हर्च्युअल मशीनमध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच एखादं मॉड्यूल उतरवून त्याच नावाचं दुसरं चढवता येतं. टेलिफोन एक्स्चेंज बंद न पाडता कोड बदलता यावा, यासाठी एरिक्सनमध्ये घडलेल्या भाषेची ही सोय. मेक तीच वापरतं. म्हणजे हा सरळसरळ तोतया: पानिपतानंतर भाऊसाहेब म्हणून उभा राहिला होता तसा. नाव तेच, आत माणूस दुसरा.

आणि तोतया सगळ्यांनाच दिसतो, खरी मेख इथे आहे. चालू मॉड्यूल त्या नावाचं एकच असतं, मग विचारणारी टेस्ट कुठलीही असो. एक्सयुनिट या एलिक्सरच्या टेस्ट चालवणाऱ्या साधनात असिंक लावलेली टेस्ट मॉड्यूल्स एकाच वेळी चालतात. 8 कोअरच्या मशीनवर सहसा एका वेळी 16 पर्यंत. एका जुन्या प्रकल्पात मी यात दोन दिवस घालवले आहेत. एसएमएस गेलाच नाही तर काय होतं, हे तपासायला एका टेस्टने एसएमएसचं मॉड्यूल बदललं होतं. त्याच क्षणी शेजारची नोंदणीची टेस्ट धावत होती. तिला खरा एसएमएस 'गेला' असं उत्तर हवं होतं, मिळालं 'नाही गेला'. एकेकटी चालवली तर दोन्ही पास. टेस्टचा क्रम ठरवणारा सीडचा आकडा तोच देऊनही चूक दर वेळी येईना, कारण दोष क्रमाचा नव्हता, वेळेचा होता. म्हणून मॉक वापरायचीच तर त्या टेस्टचं असिंक बंद ठेवा. यात तडजोड नाही.

आणखी एक खोच. मॉड्यूल आतल्या आत, स्वतःचं नाव न घेता आपलंच फंक्शन बोलावत असेल, तर मेक ती हाक पकडू शकत नाही. तोतया दारात बसलेला असतो. घरातल्या घरातलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

मॉक्स कुणाचं नाव चोरत नाही. आधी तुम्ही बिहेवियर लिहायचं: कोणती फंक्शन्स, किती आर्ग्युमेंट्स, परत काय येणार. हा करार. खरं एसएमएस मॉड्यूल तो पाळतं, आणि मॉक्स त्याच करारावर वेगळ्या नावाचं दुसरं मॉड्यूल तयार करून देते. टेस्टच्या कॉन्फिगमध्ये हे नाव, प्रॉडक्शनमध्ये खरं. गिरणीत बदली कामगार यायचा तसं: माणूस दुसरा, नावही त्याचं स्वतःचं, काम मात्र ठरलेलंच. करारात नसलेलं फंक्शन त्याच्याकडून अपेक्षित धरलंत, तर टेस्ट तिथेच एरर देते.

अपेक्षा, म्हणजे कोणतं फंक्शन बोलावलं जाईल आणि बदलीने काय उत्तर द्यायचं, लिहिल्या जातात त्या टेस्टच्या प्रोसेसच्या, म्हणजे ती टेस्ट चालवणाऱ्या स्वतंत्र धाग्याच्या, नावावर. शेजारच्या टेस्टच्या अपेक्षा वेगळ्या, त्यामुळे असिंक निर्धास्त चालू ठेवता येतं. टेस्टने सुरू केलेल्या टास्कमधून, म्हणजे वेगळ्या प्रोसेसमधून, कॉल गेला तरी मॉक्स मूळ मालक शोधून काढते. आधीपासून चालू असलेल्या जेनसर्व्हरला, म्हणजे सतत चालू राहून विनंत्यांना उत्तरं देणाऱ्या प्रोसेसला, मात्र 'अलाउ' करून परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा अडतं ते बहुतेक इथेच.

झोझे वालिम हे एलिक्सरचे जनक. 2015 साली त्यांनी मांडलं होतं की मॉक हे नाम असावं, क्रियापद नव्हे. आपण ऑफिसात सर्रास म्हणतो, 'ते मॉड्यूल मॉक कर रे.' तिथेच विचार घसरतो. असलेलं बदलायचं नाही, करारात बसेल असं दुसरं द्यायचं. 2017 मध्ये आलेली मॉक्स याच विचारातून घडली, आणि मला तो मनापासून पटतो. करार लिहायला बसलं की कळतं, आपल्याला त्या भल्यामोठ्या एसएमएस सेवेकडून फक्त दोन फंक्शन्स हवी आहेत.

करार अर्थाची हमी मात्र देत नाही. खरी सेवा उद्या वेगळं उत्तर देऊ लागली, तरी बदली कालचंच देत राहील. म्हणून खऱ्या मॉड्यूलसाठी टॅग लावलेल्या दोन-चार वेगळ्या टेस्ट हव्यातच. आणि बदलायचं असेल ते एखादंच फंक्शन, तर ते आर्ग्युमेंट म्हणूनच द्या. फंक्शनल भाषेत इतकं सोपं असताना लायब्ररी कशाला?

त्या जुन्या प्रकल्पात मी मॉक एका झटक्यात काढली नाही. करार नसलेल्या कोडला आधी टेस्टचं कुंपण हवं होतं, आणि ते तोतयानेच घालून दिलं, असिंक बंद ठेवून. मग एसएमएससाठी दोन फंक्शन्सचं बिहेवियर लिहिलं, कॉन्फिगमध्ये एक ओळ घातली, आणि नोंदणीच्या टेस्टचं असिंक पुन्हा चालू केलं.