पाइपलाइन ॲज कोड

पाइपलाइन ॲज कोड : सॉफ्टवेअरचे बिल्ड (कोडपासून चालवण्याजोगा प्रोग्रॅम बनवणे), चाचण्या व डिप्लॉयमेंट (तो वापरासाठी बसवणे) यांचा क्रम, म्हणजेच पाइपलाइन, सर्व्हरच्या पडद्यावर रकाने भरून न ठरवता फाइलीत लिहून काढण्याची आणि ती फाइल मूळ कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड व त्यातील बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) ठेवण्याची पद्धत. पायरी बदलायची तर कमिट करावे, म्हणजे बदल रिपॉझिटरीत नोंदवावा, लागतो. साहजिकच बदल कोणी व केव्हा केला याची नोंद राहते, आणि जुनी आवृत्ती पुन्हा बिल्ड करताना तिच्या काळची पाइपलाइनही हाती येते.

या पद्धतीचा उगम कोठे मानावा, हे व्याख्येवर ठरते. बिल्डचे नियम फाइलीत लिहिण्याची प्रथा बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ च्या सुमारास तयार केलेल्या ‘मेक’ या बिल्ड-साधनापर्यंत मागे नेता येते. मात्र काय कशावर अवलंबून आहे व ते कोणत्या आज्ञांनी तयार करायचे, एवढेच मेकफाइल (मेकची नियमफाइल) सांगते. काम कोणत्या घटनेने व कोणत्या यंत्रावर सुरू व्हावे, हा तिचा विषय नव्हे. २००३ च्या आसपासच्या ‘बिल्डबॉट’ या स्वयंचलित बिल्ड-प्रणालीची मांडणी थेट पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिली जाते, म्हणून अग्रमान त्याला देता येईल, परंतु ती फाइल सहसा प्रकल्पाच्या रिपॉझिटरीत नसते, मुख्य सर्व्हरवर असते. फाइलीचे स्थान हाच निकष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. तसे पाहता २०११ मध्ये पुढे आलेल्या ट्रॅव्हिस सीआय या बिल्ड-सेवेच्या यामल फाइलीने (यामल म्हणजे मांडणी लिहिण्याचे मजकूर-स्वरूप) ही पद्धत रुळवली. हडसन हा बिल्ड-सर्व्हर व त्यातून २०११ मध्ये वेगळे झालेले जेंकिन्स यांतील जॉबची माहितीही एक्सएमएल फाइलींतच साठे, पण ती सर्व्हर स्वतः लिही. ग्रूव्ही या भाषेवर आधारलेली जेंकिन्सफाइल (जेंकिन्सची पाइपलाइन-फाइल) एप्रिल २०१६ च्या जेंकिन्स २.० पासून मुख्य प्रवाहात आली. गिटहब या कोड-संकेतस्थळाच्या ‘ॲक्शन्स’ या पाइपलाइन-सेवेने २०१८ मध्ये एचसीएल ही मांडणी-भाषा स्वीकारली आणि वर्षभरातच ती सोडून यामल घेतले.

यामलचे खाचखळगे परिचित आहेत. पायथनची ३.१० ही आवृत्ती अवतरणचिन्हांविना लिहिली, तर ती दशांश संख्या समजून ३.१ अशी वाचली जाते.

पाइपलाइन बदलण्याचा अधिकार कोड बदलणाऱ्याकडे येत असल्याने सुरक्षेचा प्रश्न उभा राहतो. म्हणून फोर्कमधून (दुसऱ्याने घेतलेल्या रिपॉझिटरीच्या प्रतीतून) आलेल्या पुल रिक्वेस्टला, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंतीला, गिटहब एरवी सीक्रेट्स (पासवर्ड, किल्ल्या यांसारखी गुप्त माहिती) देत नाही. मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’च्या एका लोकप्रिय ॲक्शनचे (पाइपलाइनमध्ये वापरायच्या तयार पायरीचे) टॅग, म्हणजे आवृत्तीला दिलेली नावे, हल्लेखोरांनी घातक कमिटकडे वळवले आणि अनेक प्रकल्पांची सीक्रेट्स बिल्डच्या लॉगमध्ये उमटली. टॅगऐवजी संपूर्ण कमिट-हॅश (कमिटची न बदलणारी ओळखसंख्या) नमूद केलेल्या प्रकल्पांना, हॅश आधीचा असल्यास, त्याची झळ लागली नाही.