छोट्या गाडीत बाराही महिने राहायचंय? सोयी आणि सामानाच्या जागा ठरवण्याआधी हे वाचा

सुट्टीपुरती कॅम्पर व्हॅन आणि राहती कॅम्पर व्हॅन या दोन वेगळ्या गाड्या. दोन रात्रींसाठी टेबल मोडून पलंग करायला गंमत वाटते. तेच रोज करायचं म्हटलं की पंधरवड्यात पलंग कायमचा पसरलेला राहतो आणि ताटं मांडीवर येतात. त्यामुळे कोणतीही सोय निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: ही वापरायला दर वेळी काय काय हलवावं लागेल? तीनपेक्षा जास्त हालचाली लागत असतील तर ती सोय कागदावरच राहणार.

आम्ही अशा राहत्या व्हॅन बांधून देतो. हे पत्रक फोर्स ट्रॅव्हलर, टाटा विंगर अशा उंच टपाच्या व्हॅनमध्ये दोघं जण राहणार, असं धरून लिहिलं आहे.

कागद आधी, करवत नंतर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. मोटार कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. आराखडा त्यात बसवून आरटीओची मंजुरी आधी घ्यायची आणि आरसीवर नोंद करून घ्यायची. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर दाव्याच्या वेळी अडचण येते. चालत्या गाडीत माणसं फक्त मंजूर, पट्ट्याच्या सीटवर बसतील. मागच्या पलंगावर झोपून प्रवास करायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा.

वजनाचा हिशेब

आरसीवर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा. या दोन्हींतला फरक म्हणजे तुमचं घर. एका सर्वसाधारण मांडणीचा हिशेब असा: पाणी १२० किलो, बॅटरी ३५, सोलर पॅनेल ३५, भरलेला फ्रीज ३२, लाकूडकाम २२०, तुमचं सामान १५०, दोन माणसं १४०. झाले सव्वासातशेच्या वर. सांडपाण्याची टाकी यात वेगळी धरलेली नाही, कारण ते पाणी वरच्याच टाकीतून खाली आलेलं असतं.

वजन सर्वात जास्त वाचतं ते लाकूडकामात, आणि नेमकं तिथेच ते वाया जातं. घरचं फर्निचर करणारे सुतार सवयीने १८ मिमी प्लाय वापरतात. आठ बाय चारची १८ मिमीची शीट साधारण ३६ किलो भरते, १२ मिमीची २४. आठ शीटांत जवळजवळ एक क्विंटलचा फरक पडतो. आम्ही १२ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे पाणी सोसणारा, आयएस ७१० छापाचा प्लाय वापरतो, आणि जिथे बोजा येतो तिथे ॲल्युमिनियमची चौकट देतो. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड गाडीत नकोच. कोकणातल्या एका पावसाळ्यात कडा फुगतात आणि बिजागरीचे स्क्रू हाताने निघून येतात.

विजेचं गणित

दोघांपैकी एक जण तरी लॅपटॉपवर काम करणार असं धरू. उन्हाळ्यातला एक दिवस: ६५ लिटरचा १२ व्होल्ट फ्रीज ६०० वॉट-तास, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे दहा तास ४००, लॅपटॉप ६००, फोन आणि राउटर २००, दिवे १२०, मिक्सर आणि पाण्याचा पंप मिळून शंभर. एकूण दोन युनिट (एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास).

२०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे २५६० वॉट-तास. ती पूर्ण पिळू नये, तेव्हा हाती साधारण २२०० लागतात. ढगाळ दिवशी ती एक दिवस पुरते, दुसऱ्या सकाळी फ्रीज बंद. म्हणून राहत्या गाडीला ३०० ची बॅटरी आणि ६०० वॉटचे पॅनेल ही जोडी आम्ही सुचवतो. स्वच्छ उन्हात टपावर आडवे बसवलेले ६०० वॉटचे पॅनेल सव्वादोन-अडीच युनिट देतात. जुलैत त्यांच्यावर विसंबू नका. तेव्हा इंजिनावरच्या आल्टरनेटरमधून, म्हणजे गाडीच्या वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, बॅटरी भरणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर कामाला येतो: गाडी दोन तास चालली की आठशे वॉट-तास जमा. लिथियम बॅटरी थेट आल्टरनेटरला जोडून हा चार्जर वाचवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती इतका करंट ओढते की गाडी उभ्या-उभ्या चालू असताना आल्टरनेटर तापून जळू शकतो. आणि हिवाळ्यात स्पिती-लडाखचा बेत असेल तर शून्य अंशाखाली चार्जिंग आपोआप थांबवणारी बॅटरीच घ्या.

वायरीत काटकसर करू नका. फ्रीज बॅटरीपासून सहा मीटर लांब आहे आणि पाच अँपिअर घेतो असं धरा. दीडची (१.५ स्क्वेअर एमएम) वायर घातली तर जाऊन-येऊन ०.७ व्होल्ट वाटेतच गळतात, चारची घातली तर पाव व्होल्ट. फ्रीज सुरू होताना क्षणभर त्याहून जास्त ओढतो. बॅटरी थोडी उतरलेली असली की व्होल्टेज कटऑफखाली, म्हणजे फ्रीज आपोआप बंद होतो त्या पातळीखाली जातं आणि फ्रीज रात्रभर चालू-बंद होत राहतो. लोक फ्रीज दुरुस्तीला नेतात, दोष मात्र वायरीत असतो. २००० वॉटच्या इन्व्हर्टरला पूर्ण लोडवर पावणेदोनशे अँपिअर लागतात: ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, लांबी दीड मीटरच्या आत आणि २५० अँपिअरचा फ्यूज बॅटरीला लागूनच.

बाहेरची वीज घ्यायचा सॉकेट बसवला की ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, हवीच. ढाब्यावर, लॉजच्या आवारात अर्थिंग असेलच याची खात्री नसते, आणि पावसात पत्र्याची गाडी हाताला झटका देते.

एसीबद्दल प्रत्येक जण विचारतो. एक टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात तीन-चार युनिट खातो, म्हणजे वरची जवळजवळ सगळी बॅटरी एकट्या एसीतच संपते. मुक्कामाला बाहेरची वीज मिळणार असेल तरच एसी घ्या. तेच पैसे टपावरच्या व्हेंट फॅनला आणि इन्सुलेशनला लावलेले बरे. इंडक्शनचंही तेच. दोघांचा स्वयंपाक म्हणजे रोज एक युनिट वर.

गॅस

पाच किलोचा सिलिंडर घ्या. इंडेनचा छोटू, एचपीचा अप्पू, भारतगॅसचा मिनी हे ओळखपत्रावर मिळतात, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. कायम फिरतीवर असणाऱ्याला हा मोठा फायदा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरचा खण आतून पूर्ण बंद, तळाला बाहेर उघडणारं भोक, आणि त्या खणातून एकही वायर जाता कामा नये. गॅसच्या नळीवर छापलेली मुदत पाहूनच ती बदला.

पाणी येतं किती, जातं कुठे

दोघांना काटकसरीने रोज ३८ लिटर लागतात: पिणं-स्वयंपाक ८, भांडी ६, दोन आंघोळी २०, हात-तोंड ४. कपडे यात नाहीत, ते बाहेर धुवा. १२० लिटरची टाकी तीन दिवस पुरते. भांडी आधी पुसून मग धुतली आणि आंघोळीला बंद-चालू करता येणारा शॉवर घेतला तर चार.

बहुतेक आराखडे सांडपाण्यात फसतात. वर १२० लिटर, खाली ४० लिटर! मुक्काम मग दुसऱ्या दिवशीच संपतो, वरची टाकी निम्म्याहून जास्त भरलेली असताना. खाली किमान ९० लिटर हवेत. आपल्या सांडपाण्यात डाळीची पेज आणि फोडणीचं तेल असतं, ते दोन दिवसांत आंबतं. सिंकला बारीक जाळी बसवा, पाइप ३२ मिमीचा आणि उताराचा ठेवा. घरातला पाण्याचा ट्रॅप इथे चालत नाही. घाटातल्या वळणांवर त्यातलं पाणी हिंदकळून जातं आणि वास थेट आत येतो. पाण्याशिवाय बंद होणारा झडपेचा ट्रॅप मिळतो, तोच घ्या.

पंप फळीमागे कायमचा बंद करू नका. कुणी नळ उघडलेला नसताना पंप दर काही मिनिटांनी घुर्र करत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा पंपाची झडप बसत नाही. ते शोधायला हात आत जायला हवा. कॅसेट संडासाची २० लिटरची टाकी दोघांना तीन-चार दिवस पुरते. ती बाहेरच्या दारातून काढता येईल अशीच बसवा.

सामान: खण, कप्पे, ड्रॉवर

सामानाची जागा लिटरमध्ये मोजून काही कळत नाही. हात कुठे पोचतो ते बघा. रोजच्या वस्तू उभ्याने हात पोचेल अशा, आठवड्याच्या वाकून मिळतील अशा, आणि हंगामाच्या मागच्या दारातून काढायच्या. स्वेटर आणि रेनकोट एकाच खणात गेले की वर्षभर दोन्ही उकरत बसावं लागतं.

ओट्याखाली कपाट नको, ड्रॉवर करा. खोल कपाटात मागचा डबा काढायला पुढचे सहा बाहेर येतात. ड्रॉवर ज्यावर सरकतो तो टेलिस्कोपिक चॅनेल दोन्ही बाजूंना मिळून २६ मिमी रुंदी खातो, आराखड्यात ती धरा. चॅनेलवर ४५ किलो लिहिलेलं असलं तरी ते घरातल्या उभ्या कपाटासाठी. खड्ड्यांत त्याच्या निम्मंच धरा. सॉफ्ट-क्लोज म्हणजे कुलूप नव्हे. खंबाटकी किंवा आंबेनळी घाटाच्या वळणावर भरलेला ड्रॉवर सुटला तर समोरचं दार फोडतो. लोहचुंबकाची कडी दिवाणखान्यात ठीक. इथे दाबून बसणारं, खटक्याचं बटण-लॉकच हवं.

गोल डबे टाळा. चौकोनी खणात गोल डबा २१ टक्के जागा मोकळी सोडतो आणि घरंगळतो. कणीक एका वेळी पाच किलोच भरा. पावसाळ्यात जास्त ठेवली की अळ्या होतात आणि दहा किलोच्या डब्याचं दुसरं ओझंही होतं.

वरच्या कपाटांची खोली ३० सेंमीपेक्षा जास्त नको, नाहीतर उठताना डोकं आपटतं. एका खणात पाच-सहा किलो, तेही कपडे, चादरी, पापड-कुरडया असं हलकं. कुकर वर नाही. ही कपाटं पत्र्याला नव्हे, गाडीच्या आतल्या फासळ्यांना एम६ रिव्हनटने (भोकात घट्ट पकडून बसणाऱ्या नटने) जोडतात. नुसत्या पत्र्यात स्क्रू मारला तर तो सैल होतो आणि त्याच भोकातून पुढे गळती सुरू होते. टपावर सामानाचा कॅरिअर मागाल तर आम्ही नको म्हणू. वजन वर गेलं की गाडी वळणावर झुलते, आणि पॅनेलवर सावली पडते ती वेगळीच.

पलंग कायमचा आणि मागे, जमिनीपासून ६५-७० सेंमी उंच. त्याच्या खालची जागा म्हणजे या घराचा माळा. तिथे टाकी, बॅटरी, हत्यारं, घडीच्या खुर्च्या. १२० किलोचं पाणी भरतं-संपतं, म्हणून टाकी मध्यरेषेवर आणि मागच्या चाकांच्या किंचित पुढे. एका अंगाला फ्रीज-ओटा आला तर बॅटरी दुसऱ्या अंगाला. पलंगाला सलग फळी देऊ नका. पट्ट्या द्या, मध्ये पाच सेंमीची फट. रात्री दोघांच्या श्वासातून अर्धा लिटरच्या आसपास ओलावा सुटतो, आणि सलग फळीवर गादीच्या खालच्या अंगाला महिनाभरात बुरशी धरते.

आणखी एक खण बहुतेक जण विसरतात आणि पहिल्या जूनमध्ये आठवतात: ओल्याचा. दाराजवळ, तळाला निचऱ्याचं भोक असलेला, ४० सेंमी रुंद. छत्र्या, रेनकोट, चपला तिथे. तो नसला की हे सगळं पलंगावर येतं.

एकूण जागेचा पाचवा भाग रिकामा सोडा. चार महिन्यांत तो भरतोच.

पाऊस आणि हवा

इन्सुलेशनला बंद पेशींचा नायट्राइल किंवा एक्सएलपीई फोम, १५ ते २० मिमी. काचलोकर पाणी पिते आणि पत्रा आतून गंजतो. खिडक्या वरून बिजागरी असलेल्या, बाहेर उचलणाऱ्या घ्या. भर पावसातही त्या उघड्या राहतात, सरकत्या राहत नाहीत. टपावरच्या प्रत्येक भोकाला आधी ब्युटाइल टेप, त्यावर पीयू सीलंट. सिलिकोन वापरू नका. ते सुटतं, आणि त्याच्या थरावर पुढे दुसरं काही चिकटत नाही. दरवर्षी मेच्या अखेरीस टपावर चढून सगळे सांधे बोटाने दाबून पाहा.

आराखड्याच्या भेटीला येताना

आरसीची प्रत आणा. सगळं सामान क्रेटमध्ये भरून प्रत्येक क्रेटचं वजन लिहून आणा, अंदाजाने नको. आणि कुकर, मिक्सर, पोळपाट सोबत असू द्या. मिक्सरवर भांडं चढवल्यावरची उंची वरच्या कपाटाची तळरेषा ठरवते, आणि शेगडीशेजारी पोळपाट ठेवून लाटणं फिरवायला कोपर आपटत नाही ना, हे जमिनीवर आखलेल्या खुणांमध्ये उभं राहूनच कळतं. गाडी ताब्यात देताना टाक्या भरून, तुमच्या सामानासकट ती वजनकाट्यावर नेतो: आधी पुढची चाकं, मग मागची, मग पूर्ण गाडी. तिन्ही पावत्या तुमच्या फाइलला लागतात.