बालवाडीसाठी डिग्री कशाला?

"लहान पोरं सांभाळायला डिग्री कशाला? चार गाणी आली की झालं!" बेळगाव, खानापूर, निपाणीकडं पीयूसी (बारावी) झालेल्या मुलींना हे वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. हा समज साफ चुकीचा आहे.

बालवाडी शिक्षिकेच्या अभ्यासक्रमात बालविकास, भाषा, आहार-आरोग्य, मुलांचं निरीक्षण आणि वर्गातला प्रत्यक्ष सराव असतो. चिंचोके लहानमोठे निवडून ओळीनं लावणारं मूल गणिताच्याच तयारीत असतं. शिकलेल्या बाईंना ते दिसतं, म्हणून त्या मध्येच त्याच्या हातात पाटी देत नाहीत. आपल्याकडं तर अनेकांच्या घरी मराठी आणि वर्गात कन्नड. असं मूल काही आठवडे गप्प राहिलं की लगेच 'मंद' ठरवतात, हा निव्वळ अन्याय आहे. पुष्कळदा ते नवी भाषा नुसती ऐकत, साठवत असतं. त्याच्याशी मराठीत बोलत बोलत कन्नडची गोडी लावणं हे कसब आहे, आणि ते शिकावं लागतं.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला बालशिक्षणाच्या याच कामासाठी आयुष्य वेचलं. केंद्राच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे.

इग्नू या मुक्त विद्यापीठाचा बालशिक्षणाचा डिप्लोमाही बारावीनंतर करता येतो. अंगणवाडी भरतीच्या अटी मात्र वेगळ्या असतात. जाहिरात नीट वाचूनच अर्ज भरा.