म्हणे, काटा शंभराच्या वर गेलाच नाही!

परवा एका लग्नाच्या पंगतीत पुतण्या सांगत होता, "काका, कराडहून साताऱ्याला पंचवीस मिनिटांत आलो. पण काटा शंभरापुढे जाऊ दिला नाही हं!" अंतर ५० किलोमीटर धरले तर सरासरी ताशी १२० पडते. म्हटले, "एका क्षणी तरी तुझा काटा नेमका १२० वर होता." "तुम्ही कुठं होता बघायला?" बघायची गरजच नाही. बारावीचे मध्यमूल्य प्रमेय, म्हणजे मुलांचे 'मीन व्हॅल्यू थिअरम', तेवढे सांगते.

मुले त्याचे सूत्र घोकतात. त्यातली युक्ती मात्र निसटते, आणि मला तीच फार आवडते. समजा पुतण्यासोबत त्याच क्षणी कराडच्या कोल्हापूर नाक्यावरून आणखी एक गाडी निघाली, भुताची म्हणा हवी तर. ती वेग न बदलता १२० नेच चालते. दोन्ही एकत्र निघाल्या, एकत्रच पोचल्या. म्हणजे दोघींमधले अंतर आरंभी शून्य, शेवटी शून्य. मध्ये पुतण्या कधी मागे पडला असेल, कधी पुढे गेला असेल. ते अंतर कुठेतरी सर्वांत जास्त झाले असणार. धरा, उंब्रजपाशी तो ३ किलोमीटर मागे होता. त्या क्षणी अंतर वाढायचे थांबले, घटायला अजून लागले नाही. म्हणजे दोन्ही गाड्यांचा वेग सारखा. भुताचा १२०, तर पुतण्याचाही १२०! (अंतर सतत शून्यच असेल, तर तो सगळी वाट १२० नेच आला. मग वादच नको.)

अट एवढीच, की गाडीने मध्ये उडी मारता कामा नये आणि प्रत्येक क्षणी तिला काहीतरी निश्चित वेग हवा; तो क्षणोक्षणी बदलला तरी चालेल. इथे गुप्त होऊन तिथे प्रकटणाऱ्या बाबामहाराजांना हे प्रमेय लागू नाही. त्यांनी आधी एकदा टोलनाक्याच्या कॅमेऱ्यासमोर तसे करून दाखवावे.

अशा क्षणाच्या वेगाला भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त 'तात्कालिक गती' म्हटले आहे. याचा अर्थ अख्खे कॅल्क्युलस आपल्याकडून चोरीला गेले असा नव्हे. या प्रमेयाला आजचे रूप फ्रेंच गणिती कोशीने १८२३ मध्ये दिले.

आणि हे नुसते गाडीच्या काट्यापुरते नाही. वेग सतत शून्य असेल तर वस्तू जागची हलत नाही, हे उघड वाटते; पण सिद्ध करायला हेच प्रमेय लागते. त्यावरून कळते, की ज्यांचे विकलन (म्हणजे बदलण्याचा वेग) सारखे त्या दोन फलांत ('फंक्शन्स'मध्ये) फक्त एका स्थिरांकाचा, म्हणजे न बदलणाऱ्या संख्येचा, फरक असतो. संकलनाच्या ('इंटिग्रेशन'च्या) उत्तरापुढे 'अधिक सी' लिहायचे ते त्यामुळे. तो राहिला की गुण जातो!

इटलीतल्या महामार्गांवर दोन कॅमेऱ्यांमधल्या वेळेवरून सरासरी वेग काढून दंड करणारी यंत्रणा २००५ पासून आहे. कॅमेरा दिसला की ब्रेक दाबण्याचा तिथे उपयोग होत नाही. सरासरी मर्यादेपुढे गेली, तर काटाही कधीतरी गेलाच. उलटे मात्र खरे नाही: सरासरी ६० आली म्हणजे काटा ऐंशीला शिवलाच नाही, असे नव्हे.

पुतण्याने जिलेबी संपवून विचारले, "आणि उंब्रजला दहा मिनिटं चहाला थांबलो असतो तर?" मग ३५ मिनिटे, सरासरी जेमतेम ८६. प्रमेय तेवढ्याच वेगाची खात्री देते. पुढचे सिद्ध करायला चहाच्या टपरीवाल्याची साक्ष काढावी लागेल.