'एमबी४' कुठून आलं? नेक्स्टक्लाउडच्या डेटाबेसमागची पार्श्वभूमी

नेक्स्टक्लाउड, म्हणजे आपल्या फाइल्स ठेवायचं आणि सिंक करायचं सॉफ्टवेअर, स्वतःच्या सर्व्हरवर टाकताना डेटाबेस बनवायची कमांड आपण सगळेच कॉपी-पेस्ट करतो, कॅरेक्टर सेट (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ८एमबी४, एंटर, झालं. पण जुन्या सर्व्हरवर काम करणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं की फोल्डरचं नाव 'गणपती २०१८' असेल तर सगळं सुरळीत आणि त्याच नावापुढे हात जोडलेला इमोजी लावला की अॅप नावच घेत नाही. मराठी चालतं मग इमोजीला काय झालं?

त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. मायएसक्यूएल, म्हणजे नेक्स्टक्लाउड ज्यांवर चालतं त्यातला एक डेटाबेस, १९९५ चं, स्वीडनमधलं. त्यात युनिकोड (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांची एकच यादी) आलं ते ४.१ आवृत्तीत, जी २००४ मध्ये पक्की झाली, त्याआधी मुख्य कारभार लॅटिन१ चा, म्हणजे पश्चिम युरोपातल्या अक्षरांचा होता. आणि युनिकोड साठवायला हे जे यूटीएफ८ आलं ते अर्धवट आलं, एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट, जेव्हा की २००३ च्या स्टँडर्डमध्ये ४ बाइटपर्यंत सोय होती. आता देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ८ मध्ये बरोबर ३ बाइट घेतं, 'क' ला ३, वेलांटीला ३, अनुस्वाराला ३. 'गणपती' मध्ये ग, ण, प, त आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. आपण अगदी काठावर वाचलो! पण मोडी लिपी युनिकोडमध्ये २०१४ साली आली ती ४ बाइटच्या भागात, म्हणजे मोडी कागदांच्या स्कॅनला मोडीतच नाव द्यायचं म्हटलं तर त्या जुन्या यूटीएफ८ मध्ये ते बसतच नाही, आणि मला हे इमोजीपेक्षा जास्त जिव्हारी लागतं.

२०१० मध्ये ५.५.३ आवृत्तीत यूटीएफ८एमबी४ आलं. एमबी४ म्हणजे जास्तीत जास्त चार बाइट. जुनं नाव मात्र तसंच ठेवलं, त्यामुळे ज्याने भोळेपणाने 'यूटीएफ८' लिहिलं त्याला तीन बाइटवालंच मिळत राहिलं.

मग लोकांनी लगेच का नाही बदललं? कारण इंडेक्स, म्हणजे झटपट शोधण्यासाठी डेटाबेस ठेवतो ती सूची. मायएसक्यूएलची टेबलं साठवणाऱ्या इनोडीबी इंजिनच्या जुन्या फॉरमॅटमध्ये इंडेक्समधल्या एका कॉलमला ७६७ बाइटची मर्यादा होती. सगळे २५५ अक्षरांचे कॉलम करायचे, २५५ गुणिले ३ म्हणजे ७६५, बरोबर बसायचं. गुणिले ४ केलं की १०२०, आणि टेबल बनतानाच एरर. म्हणूनच त्या काळातल्या बऱ्याच प्रोजेक्टमध्ये १९१ हा विचित्र आकडा दिसतो, १९१ चोक ७६४. दुसरा रस्ता म्हणजे इनोडीबीचा नवा बॅराकुडा फॉरमॅट आणि लार्ज प्रीफिक्सची सेटिंग चालू करायची, मग मर्यादा ३०७२ वर जाते. जुन्या नेक्स्टक्लाउड गाइडमध्ये 'माय डॉट सीएनएफ' या मायएसक्यूएलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ज्या इनोडीबीच्या ओळी टाकायला सांगायचे त्या याच्यासाठी. मायएसक्यूएल ५.७ आणि मारियाडीबी (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) १०.२ पासून ते आपोआप चालू असतं, आणि मायएसक्यूएल ८.० मध्ये २०१८ ला यूटीएफ८एमबी४ हेच डीफॉल्ट झालं.

फाइलच्या पूर्ण पाथला तर ३०७२ सुद्धा पुरत नाही. नेक्स्टक्लाउडचं फाइलकॅश टेबल उघडून बघा, पाथचा कॉलम ४००० अक्षरांचा आहे आणि शेजारी पाथ-हॅश म्हणून ३२ अक्षरांचा एमडी५, म्हणजे त्या पाथवरून काढलेला छोटा ठसा, शोध त्या हॅशवरून होतो.

त्याच टेबलांच्या नावाआधी 'ओसी' दिसतं. ते ओनक्लाउडचं, म्हणजे ज्यातून नेक्स्टक्लाउड निघालं त्या प्रोजेक्टचं. फ्रँक कार्लिचेक यांनी ओनक्लाउड जाहीर केलं जानेवारी २०१० मध्ये, आणि त्याच महिन्यात ओरॅकलने सन कंपनी, म्हणजे तिच्यासोबत मायएसक्यूएलही, ताब्यात घेतली. मायएसक्यूएलचे मूळ लेखक मॉन्टी विडेनियस यांनी आधीच २००९ मध्ये मारियाडीबी वेगळं काढलं होतं, धाकट्या मुलीच्या नावावरून. पुढे २०१६ मध्ये कार्लिचेक यांनीही ओनक्लाउडपासून वेगळं होऊन नेक्स्टक्लाउड काढलं, पण 'ओसी' राहिलं ते राहिलंच.

पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना हा बाइटचा त्रास झालाच नाही, १९८६ पासून बर्कलीत वाढलेला प्रोजेक्ट, त्यात चार बाइट कधीचे चालतात. एसक्यूलाइट हा तिसरा, छोटा डेटाबेस फक्त ट्राय करून बघायला, कारण एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि इथे फोन, लॅपटॉप सगळे एकदम सिंक करतात. याच गर्दीमुळे मायएसक्यूएलवर 'रीड कमिटेड' (एकाच वेळच्या कामांनी एकमेकांचे बदल कधी बघायचे याची सेटिंग) लावायला सांगतात, डीफॉल्ट 'रिपीटेबल रीड' जास्त लॉक धरून बसतं आणि डेडलॉक होतात, म्हणजे दोन कामं एकमेकांसाठी अडून बसतात. आणि रीड कमिटेड लावलं की बिनलॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंदवही) स्टेटमेंट फॉरमॅटमध्ये चालत नाही, म्हणून सोबत 'रो' ची ओळ.

आणि एक, सर्व्हर अपग्रेड केला म्हणून जुनी टेबलं आपोआप बदलत नाहीत. आधी बॅकअप घ्या, मग अल्टर डेटाबेसने कॅरेक्टर सेट बदला, नेक्स्टक्लाउडच्या कॉन्फिगमध्ये एमबी४ ची सेटिंग ट्रू करा आणि ओसीसी या नेक्स्टक्लाउडच्या कमांड-टूलची मेंटेनन्स रिपेअर कमांड चालवा. ती एकेक टेबल बदलत जाते, फाइलकॅश मोठं असेल तर वेळ लागतो, तेवढा वेळ मध्येच बंद करू नका.