जंगलातला डबा ऐसपैस

जीपीएसच्या नागरी संदेशात अमेरिकन लष्कर एके काळी मुद्दाम चूक मिसळायचं. साध्या यंत्रावर दिसणारी जागा त्यामुळे शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे व्हायची. २ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही भेसळ थांबली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात, बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत डेव्ह अल्मर यांनी एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत नोंदवही, पुस्तकं, एक गलोल आणि शिजवलेल्या कडधान्याचा सीलबंद डबा. मग त्यांनी जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले : शोधा! माइक टीग यांनी तीन दिवसांच्या आत बादली शोधून काढली. यातूनच जिओकॅशिंग हा खेळ जन्मला. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे लपवलेले आहेत. (तो कडधान्याचा डबाही पुढे सापडला आणि खेळाडूंच्या संमेलनांत मिरवू लागला!)

अल्मर यांनी दिलेला अक्षांश होता ४५ अंश १७.४६० मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर, म्हणजे दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा जेमतेम दोन मीटरवर बोट ठेवतो. कागदावर हे फार नेमकं वाटतं. पण उपग्रह २० हजार किलोमीटर उंचीवर असतात. त्यांचा संदेश किती वेळात पोचला, यावरून यंत्र अंतर काढतं. या वेळेत एका सेकंदाच्या दहा कोटींव्या भागाची जरी चूक झाली, तरी अंतर तीन मीटरने चुकतं. दाट झाडीत तर ओली पानं संदेश शोषून घेतात, खडकांवर आणि खोडांवर आपटून तो लांबच्या वाटेने येतो, आणि मोकळ्या मैदानात चार-पाच मीटरपर्यंत बरोबर असणारं यंत्र इथे दहा मीटर सहज चुकतं. डबा लपवणाऱ्याच्या यंत्राची चूक त्यात वेगळी मिसळते.

म्हणजे शोधणारा बिंदूवर पोचत नाही, एका वर्तुळात पोचतो. दहा मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ तीन गुंठ्यांच्या वर भरतं. आणि एवढ्या जागेत तो घुटमळतो, दगड उलथतो, पालापाचोळा उकरतो. राखीव जंगलात खरी अडचण इथे सुरू होते. डबा लपवण्याने जंगलाचं फारसं काही बिघडत नाही, शोधण्याने बिघडतं.

कारण झाडोऱ्याचं नुकसान पावलांच्या संख्येच्या सरळ प्रमाणात होत नाही. न तुडवलेल्या नाजूक जमिनीवर बरंचसं नुकसान सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांतच होऊन जातं, नंतरच्या फेऱ्या त्यात कमी भर घालतात. माती दबते, तिच्यातली हवेची छिद्रं बुजतात, पाणी मुरण्याऐवजी वाहू लागतं. म्हणून रोज शेकडो माणसं चालतात त्या जुन्या पायवाटेवर आणखी वीस माणसांनी फारसा फरक पडत नाही. तीच वीस माणसं वाटेपासून तीस मीटर आत शिरली, तर नवी वाट पडते. आणि वाट दिसली की, डब्याशी काही देणंघेणं नसलेले लोकही तिच्यावरून जातात.

खेळाचे नियम हे ओळखून घडत गेले. आता खणायला बंदी आहे (अल्मर यांची बादली आज नियमात बसली नसती!), खाद्यपदार्थ ठेवायचे नाहीत, दोन डब्यांत किमान १६१ मीटर अंतर हवं, आणि जागेच्या मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी हवी. माझ्या मते यांपेक्षा उपयोगी पडते ती लपवणाऱ्याने दिलेली खूण. ‘वाटेच्या उजव्या हाताला, पडलेल्या ओंडक्याच्या ढोलीत’ एवढं सांगितलं, की तीन गुंठ्यांचं काम एका पावलावर येतं.

अमेरिकेची राष्ट्रीय उद्यानं खऱ्याखुऱ्या डब्यांबाबत फारच कडक आहेत. तिथे दुसरा प्रकार जास्त चालतो, २००४ साली सुरू झालेला अर्थकॅश (यातला ‘अर्थ’ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी). यात डबाच नसतो. दिलेल्या जागी जायचं, खडकाचे थर नाहीतर हिमनदीने पाडलेले ओरखडे नीट पाहायचे आणि प्रश्नांची उत्तरं पाठवायची. जमिनीला धक्का नाही, शिवाय भूशास्त्र पदरात. फक्त ढोलीत हात घातल्यावर बोटांना पत्रा लागतो, ती मजा त्यात नाही.